मुंबईपासून जवळ, अडीअडचणीत तग धरता येईल असा तालुका कसा निवडायचा?

सायनकर_बाबा

नमस्कार मंडळी. आम्ही सायनला राहतो, घरात मी, बायको, आठवीतली मुलगी आणि माझी आई. आई इन्सुलिनवर आहे. बरीच वर्षं डोक्यात आहे की मुंबईपासून चार-पाच तासांत पोचता येईल अशा ठिकाणी थोडी जमीन घ्यायची, साधं घर बांधायचं आणि हळूहळू तिथे एवढं उभं करायचं की वेळ आलीच तर दोन-तीन महिने बाहेरून फारसं काही न आणता चौघं राहू शकतील, आणि रिटायर झाल्यावर कायमचंच तिकडे. फार्महाऊस नकोय, वीकेंडला पार्ट्या करायला जागा नकोय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा, नंतर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ग्रिड बंद पडून लोकल, लिफ्ट, पंप सगळं ठप्प झालं तेव्हा, दर वेळी हेच जाणवलं की पाणी, वीज, भाजी, दूध ह्यातलं काहीच आपल्या हातात नाही.

तर मी एक्सेल शीट केलीये. कर्जत, मुरबाड, शहापूर, माणगाव, दापोली असे पाच तालुके घेतले आणि पाऊस, मुंबईपासूनचं अंतर, जमिनीचा भाव, हॉस्पिटल, लोकसंख्येची दाटी ह्यावर मार्क दिले. सध्या कर्जत सगळ्यात वर येतंय. माझा प्रश्न असा की अजून कोणते मुद्दे घ्यायला हवेत आणि कशाला किती वजन द्यावं? तिकडचे कोणी असतील तर स्पष्ट लिहा, गोड बोलू नका.

महाडचा_माणूस

दादा, विचार चांगला आहे पण तालुक्याला मार्क देता येत नाहीत हो. तालुका म्हणजे शंभर-दीडशे गावं, त्यात नदीकाठचं गाव वेगळं, डोंगराखालची वाडी वेगळी, माथ्यावरचं पठार वेगळं. आमच्या महाडचंच घ्या, बाजारपेठेत सावित्री आणि गांधारीचं पाणी शिरतं, ते टाळायचं म्हणून कोणी वर डोंगराकडे सरकला तर तिथे दरड. २००५ ला दासगाव, जुई, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळिये, ऐंशीच्या वर माणसं गेली, आख्खी वाडी. ह्या सगळ्या गावांना पाऊस भरपूर, जमीन चांगली, माणसं चांगली, तुमच्या शीटवर मार्क उत्तमच पडले असते.

मी परळला नोकरी करतो पण घर अजून तिकडेच आहे म्हणून पोटतिडकीने सांगतो, जागा बघताना समोरचा व्ह्यू बघू नका, पाठीमागचा डोंगर बघा. उतार किती, उतारावर झाडं जुनी आहेत की नुसतं गवत, झाडांचे बुंधे खालच्या अंगाला कललेत का, जमिनीला भेगा आहेत का, पावसात कुठलाही झरा एकदम गढूळ होतो का. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोंगर जेसीबीने कापून पायऱ्यापायऱ्यांसारखे सपाट केलेले प्लॉट, ते हल्ली सगळीकडे विकायला आहेत, पायथा कापला की वरची माती कशाच्या आधारावर उभी राहणार? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागाचे नकाशे भूकोश नावाच्या पोर्टलवर फुकट बघता येतात, ते बघाच, पण यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. जुलै २०२३ ला रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. आणि वर जायला गाडीरस्ता नव्हता म्हणून मदत करणारी माणसं चिखलातून चढत गेली, मशिनरी नेता आली नाही.

नदीकडच्या जागेसाठी पाटबंधारे खात्याची निळी रेषा आणि लाल रेषा कुठून जाते ते विचारा. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. आणि वरच्या अंगाला छोटं धरण किंवा पाझर तलाव आहे का तेही बघा, २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली.

विहीरवाली

महाडच्या दादांनी जास्त पाण्याचं सांगितलं, मी कमी पाण्याचं सांगते. मी पाणलोटाच्या कामात आहे, ठाणे-रायगडच्या वाड्यांमध्ये फिरते.

तुमच्या शीटमध्ये पाऊस हा मुद्दा आहे ना, तो काढून टाकला तरी चालेल. ह्या पाचही तालुक्यांत दोन-अडीच हजार मिमीच्या वर पडतो, प्रश्न पडण्याचा नाहीच, थांबण्याचा आहे. खाली काळा कातळ, त्यात पाणी फक्त भेगांमधून मुरतं, आणि दापोलीकडे वर जांभा, तो चाळणीसारखा, जितक्या पटकन पितो तितक्याच पटकन खाली सोडून देतो. म्हणून जुलैमध्ये गुडघाभर पाणी असलेल्या गावात एप्रिलला बायका हंडे घेऊन दोन टेकड्या ओलांडतात. मोखाडा-जव्हारला हेच, शहापूरच्या वरच्या पट्ट्यात हेच. त्यामुळे जागा बघायची ती मे महिन्यात, तीसुद्धा तिसऱ्या आठवड्यात. एजंट पावसाळ्यात नेतात कारण तेव्हा सगळंच हिरवं असतं. मे मध्ये जाऊन गावातली सार्वजनिक विहीर वाकून बघा, पाणी किती खाली आहे, आणि पाणी भरणाऱ्या बाईला विचारा, सरपंचाला नको. टँकर येतो का, कधीपासून येतो, हे तहसील कार्यालयातही कळतं.

आता थोडा हिशोब करा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचं छप्पर ५० चौरस मीटर आणि पाऊस २५०० मिमी धरला तर सव्वा लाख लिटर, वाया जाणारं सोडून एक लाख तरी हातात येतं. आणि गरज किती? जल जीवन मिशन माणशी दिवसाला ५५ लिटर धरतं, चौघांचे २२० लिटर, ऑक्टोबर ते मे असे २४० दिवस म्हणजे ५२,८०० लिटर. म्हणजे पिण्या-वापराचं आठ महिन्यांचं पाणी तुमच्या स्वतःच्या छपरावर पडतं, फक्त पन्नास-पंचावन्न हजार लिटरची झाकलेली टाकी बांधायची तयारी पाहिजे. ही टाकी घराच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरा. शेतीला आणि गुरांना लागणारं पाणी ह्यात नाही, ते वेगळं.

कर्जतबद्दल एक सांगायचं राहिलं. पेज नदी भर उन्हाळ्यात वाहते म्हणून तिच्या काठच्या जमिनींना भाव आहे, पण ते पाणी भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून सुटतं. खोपोलीखाली पाताळगंगा, भिऱ्याखाली कुंडलिका, तिथेही तसंच. घाटावर साठवलेलं पाणी वीज करून खाली सोडतात म्हणून ह्या नद्या बारमाही. जोवर केंद्र चालू तोवर छानच आहे, पण तुम्ही तयारीच अशा दिवसांची करताय की जेव्हा अशा गोष्टी बंद असतील, तेव्हा नदी बघून पैसे मोजू नका.

शहापूर_आसनगाव

पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. तानसा, भातसा, मोडकसागर सगळं आमच्या तालुक्यात, मुंबईचं जवळजवळ अर्धं पाणी एकट्या भातसातून जातं, आणि धरणाच्या आजूबाजूच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर. हे मुंबईच्या माणसाला वाईट वाटावं म्हणून नाही लिहीत, पण तुम्ही इकडे जमीन घेऊन खोल बोअर मारून ठिबक आणि लॉन करणार असाल तर शेजारच्या पाड्याची विहीर आटते आणि मग अडचणीच्या वेळी तोच पाडा तुमच्या मदतीला का येईल?

तुमच्या शीटमध्ये माणसं हा कॉलमच नाहीये. लॉकडाऊनला गावोगाव रस्त्यावर झाडं आडवी टाकली होती लोकांनी, बाहेरचा कोणी येऊ नये म्हणून. ज्यांचं गावात येणं-जाणं होतं त्यांना थोड्याफार अटींवर घेतलं, ज्यांचे नुसते बंगले होते ते फोन करत राहिले. भाताची लावणी एकट्या कुटुंबाला होत नाही, सावडीनेच होते, आज तुमच्याकडे उद्या आमच्याकडे. विंचू चावला, वणवा लागला, म्हातारं माणूस पडलं, पहिले धावतात ते शेजारचे. म्हणून दहा एकर एकाकी घेण्यापेक्षा नांदत्या गावाला लागून वीस-तीस गुंठे घ्या. आणि गावात तरुण माणसं राहतात का बघा. बऱ्याच वाड्यांमध्ये आता म्हातारेच उरलेत आणि घरांना कुलपं, तिथे शांतता खूप असते पण संकटात खांदा द्यायला कोणी नसतं.

धान्याचा अंदाज देतो. चौघांना वर्षाला पाचशे किलो तांदूळ धरला तर साडेसात-आठ क्विंटल भात पिकवायला लागतो, आमच्याकडे गावठी भात एकरी दहाच्या आसपास उतरतो, चांगल्या वर्षी. म्हणजे नुसत्या भाताला पाऊण एकर चांगली खाचरं. मग त्याच ओलीवर वाल, हरभरा, बांधावर तूर, वरकसाला, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत, नाचणी-वरी. तेल, मीठ, साखर, औषध बाहेरूनच. आणि रानडुक्कर, माकडं ह्यांचा वाटा आधी काढून ठेवा, कुंपण आणि राखण नसेल तर काढणीच्या आठवड्यात सगळं जातं.

दप्तरी

जमिनीच्या कागदांवर कोणीच बोललं नाही म्हणून थोडक्यात. सायनकर, तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर महाराष्ट्रात कुठेही शेतजमीन आहे का? नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, बिनशेती प्लॉट घ्यावा लागेल, आणि मग पाऊण एकर भाताची सगळी गणितं बदलतात. कोणी म्हणालं शेतकरी दाखला करून देतो तर तिथून निघा. सातबारावर भोगवटादार वर्ग एक (विकायला मोकळी) की दोन (विकायला सरकारी परवानगी लागणारी) ते बघा, इतर हक्कात कूळ, बोजा, खासगी वन असं काही आहे का बघा, आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय घेता येत नाही आणि तशी घ्यायचा प्रयत्नही करू नये. जुने फेरफार, म्हणजे मालकी कशी बदलत आली त्याच्या नोंदी, काढा. आणि गटाला नकाशावर रस्ता आहे का? शेजाऱ्याच्या शेतातून तोंडी परवानगीने जाणारी वाट हा रस्ता नव्हे. जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते पण त्यात वर्षं जातात, आणि अँब्युलन्स वर्षं थांबत नाही.

श्रीवर्धनची_लेक

माझं माहेर दिवेआगरजवळ, आता मी भांडुपला असते. दापोली लिस्टमध्ये आहे म्हणून किनाऱ्याचं सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दुपारच्या काही तासांत आमच्या वाडीतल्या पोफळी आणि माड आडवे झाले, आजोबांनी लावलेले. पत्रे उडाले, कौलं फुटली, विजेचे खांब मोडले. वीज यायला काही गावांत महिना लागला. मोबाईल टॉवर बंद, म्हणून मुंबईत बसून आम्हाला कळतच नव्हतं घरची माणसं कशी आहेत, ते दिवस मी कधी विसरणार नाही. पुढच्या मे मध्ये तौक्ते बाजूने गेलं. माड लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे बागेवर पोट अवलंबून असेल तर एका दुपारीत तेवढी वर्षं जातात हे धरून चालायचं.

त्या महिन्यात काय कामाला आलं ते सांगते. पहिलं म्हणजे रहाट असलेली उघडी विहीर. ज्यांच्याकडे फक्त बोअर होती त्यांचं पाणी वीज गेल्या क्षणी बंद झालं, जनरेटरवाला गावोगाव फिरून तासाचे पैसे घेऊन टाक्या भरून देत होता. म्हणून विहीर नाही जमली तर बोअरला हातपंप तरी बसवून घ्याच. दुसरं म्हणजे आगोट भरलेली होती. आमच्याकडे मे संपेपर्यंत तांदूळ, कडधान्य, मसाला, सुकी मासळी, मीठ, लाकूडफाटा, शेणी सगळं भरून ठेवायची पद्धत आहेच, चार महिन्यांची. वादळ जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं म्हणून घरं भरलेली होती, हेच एप्रिलमध्ये आलं असतं तर हाल झाले असते. ज्यांच्या खोलीवर पक्का स्लॅब होता त्यांचं धान्य वाचलं, बाकीच्यांचं भिजून मोड आले. त्यामुळे बाकी घर कौलारू ठेवा हवं तर, पण एक खोली स्लॅबची, उंच जोत्याची, धान्य आणि माणसं दोन्ही मावतील एवढी करा. आणि कणगीत तांदूळ न भरता भात भरा, सालासकट जास्त टिकतो, लागेल तसं गिरणीवर न्यायचं. गिरणी विजेवर चालते म्हणून महिन्याभराचा तांदूळ कांडून बाजूला ठेवायचा.

किनाऱ्यापासून आठ-दहा किलोमीटर आत, टेकडीच्या आडोशाला, वाऱ्याचा मारा बराच कमी होतो. दापोली घेणार असाल तर समुद्र दिसणारी जागा नकोच.

सायनकर_बाबा

खूप आभार सगळ्यांचे, दोनदा वाचून काढलं. दप्तरी, वडिलांच्या नावावर कराड तालुक्यात अठरा गुंठे सामाईक आहे, आमचं नाव सातबाऱ्यावर आहे, तेव्हा तो प्रश्न सुटतोय असं दिसतं. मी आता तालुका हा एककच काढून गाव आणि गट नंबर घेणार, आणि मे मधल्या विहिरीचं पाणी, पाठीमागचा उतार, रस्ता आणि नांदती घरं ह्यातलं एकही नापास झालं तर ती जागा बादच, बाकीचे मार्क कितीही असोत. बायकोचं म्हणणं असं की हे सगळं ठीक पण आईचं काय, इन्सुलिन आणि हॉस्पिटल ह्याचं कोणी सांगाल का. आणि दुसरं, मुंबईतून निघताच आलं नाही तर?

सिस्टर_ठाणे

आईंचं सांगते, मी नर्स आहे. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, जुलैच्या रात्री किती वेळ लागतो ते मोजा. मधे एखादी साकव किंवा कमी उंचीचा पूल असेल तर तो किती तास पाण्याखाली जातो ते गावात विचारा. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे, तिथे रात्री डॉक्टर असतो का, ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस शिल्लक आहे का, स्वतः जाऊन विचारा, नीट विचारलं तर सांगतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांवर एकच लस चालते, पण ती वेळेत मिळायला पाहिजे. कोकणात लाल विंचवाचंही आहे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन वापरून कित्येक जीव वाचवले, आता ते औषध साध्या केंद्रातही मिळू शकतं, आहे का ते बघून ठेवा.

इन्सुलिन: वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, पण ३० अंशाच्या वर जाऊ द्यायची नाही. वीज नसेल तेव्हा मातीचं मडकं, आत थोडी ओली वाळू, त्यात छोटं भांडं आणि त्यात बाटली, वर ओलं फडकं, सावलीत. साठ्यासाठी छोटा फ्रीज सोलर आणि बॅटरीवर चालेल असा, घरातलं दुसरं काही सोलरवर नसलं तरी चालेल. किती महिन्यांचा साठा ठेवायचा ते त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. मला स्वतःला विचाराल तर आई आहेत तोवर ग्रामीण रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या पलीकडची जागा मी बघणारच नाही, मग ती कितीही सुंदर असो.

महाडचा_माणूस

मुंबईतून निघण्याबद्दल. निघता येणार नाही असंच धरा. २६ जुलैला कोण कुठे निघू शकला? २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात उभी राहिली, हजाराच्या आसपास माणसं बोटीने काढली. बाहेर जायचे रस्ते मोजकेच, ठाणे, ऐरोली, वाशी, दहिसर, आणि अटल सेतूवर दुचाकी चालत नाही. पुढे जुलैत घाट बंद. म्हणून सायनच्या घरात आठवडाभराचं पाणी, कोरडा शिधा, औषध, टॉर्च, रोख पैसे हे आधी करा, जमीन मिळायला दोन-तीन वर्षं लागतील, हे ह्या रविवारी होईल. आणि गावी जायचं ते संकट आल्यावर नाही, अंदाज आल्यावर, मुसळधारेचा इशारा असेल तर मुलीची शाळा बुडाली तरी आदल्या दिवशी.

एक राहिलं, माणगाव बघाल तेव्हा महाड, रोहा-धाटाव ह्या एमआयडीसी, म्हणजे कारखान्यांच्या वसाहती, वाऱ्याच्या आणि नदीच्या कुठल्या बाजूला येतात ते बघा. नदीच्या खालच्या अंगाला विहीर नको.

विहीरवाली

मुरबाडकडे बघायचं असेल तर मला मेसेज करा. दोन-तीन गावं अशी आहेत जिथे गावाने स्वतः बंधारे घातलेत आणि मे अखेर विहिरीला पाणी असतं, गावकरी बाहेरच्यांना घेतात पण आधी ग्रामसभेत येऊन बसायला सांगतात. मी २० मे च्या सुमारास तिकडे असेन, आईंना नका आणू त्या उन्हात, तुम्ही दोघं या, आणि विहिरीचा तळ मोजायला एक लांब दोर आणा.